'मेगालोपोलिस'वर चर्चेची बैठक कशी घ्यावी : चित्रपट, पैसा आणि पडद्यामागचे आरोप

अमेरिकी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा 'मेगालोपोलिस' हा चित्रपट मंडळाच्या बैठकीसाठी जितका सोयीचा, तितकाच धोक्याचा विषय आहे. सोयीचा अशासाठी की तो पाहून गप्प बसलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. कोणाला तो म्हाताऱ्या कलावंताचा हट्ट वाटतो, तर कोणाला सध्याच्या साच्यातल्या सिनेमाला दिलेले सणसणीत उत्तर वाटते. धोक्याचा अशासाठी की त्याच्या भोवतीचे वाद चित्रपटाइतकेच मोठे आहेत आणि त्यांच्यावर बोलायला चित्रपट पाहिलेला असावाच लागतो असे नाही.

नागपुरात आमचे पंचवीसेक जणांचे चित्रपट मंडळ आहे. धरमपेठेतल्या एका वाचनालयाचा वरच्या मजल्यावरचा हॉल आम्हाला महिन्यातून एकदा मिळतो. या चित्रपटावरची आमची पहिली बैठक साफ फसली. दहाव्या मिनिटाला कोणीतरी सेटवर महिला कलाकारांशी दिग्दर्शक कसे वागले यावरच्या आरोपांचा विषय काढला, पुढचा दीड तास दोन गट एकमेकांवर तुटून पडले आणि चित्रपटातल्या एकाही दृश्याचा उल्लेख न होता लोक चपला शोधू लागले. महिन्याभराने तीच बैठक पुन्हा घेतली, तेव्हा क्रम बदलला आणि ती जमली. या दोन बैठकांतून जे हाती लागले, ते इथे देत आहे. मंडळ लहान असो वा मोठे, एखाद्या ज्येष्ठ दिग्दर्शकाच्या वादग्रस्त चित्रपटावर बोलायचे असेल तर यातले बरेचसे उपयोगी पडेल.

आधी परवानगीचे. हॉलमध्ये पडदा लावून चित्रपट दाखवायचा असेल, तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी हवी आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्रही लागते. 'आम्ही तिकीट लावत नाही, मग काय हरकत आहे' हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. लहान मंडळासाठी सोपा मार्ग म्हणजे ज्याने त्याने अधिकृत मार्गाने आपापल्या घरी चित्रपट पाहावा आणि एकत्र यावे ते फक्त बोलण्यासाठी. चित्रपट २ तास १८ मिनिटांचा आहे, म्हणून बैठकीच्या आधी निदान दहा दिवस सूचना द्यावी. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही, त्याने यावे, ऐकावे, पण पहिल्या तासात बोलू नये, हा नियम सूचनेतच लिहावा. नंतर सांगितले की माणसे दुखावतात.

महिना शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधला निवडावा. आमची पहिली बैठक मे महिन्यात होती. खिडकीतला कूलर चालू ठेवला तर मागच्या दोन रांगांना काही ऐकू येईना, आणि बंद केला तर चर्चेतला आणि हवेतला उकाडा एकत्र चढू लागला. मेमध्येच घ्यायची असेल तर कूलर पाचपासून चालवून हॉल गार करावा, साडेसहाला बैठक सुरू होताना पंखा ठेवून पंप तेवढा बंद करावा आणि चहाच्या वेळी पुन्हा पूर्ण चालवावा.

आता मुख्य भाग. सभासद हॉलमध्ये आले की दारातच प्रत्येकाच्या हातात एक कोरे पोस्टकार्ड आणि पेन द्यावे. त्यावर तीनच गोष्टी लिहायला सांगाव्यात: चित्रपटातले आठवत राहिलेले एक दृश्य, जिथे मन उडाले ती एक जागा, आणि हा चित्रपट पुन्हा पाहाल का. नाव लिहायचे नाही. ही पाच मिनिटे हॉलमध्ये शांतता असावी. हे पोरकट वाटते खरे, आणि आमच्या मंडळातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तसे बोलूनही दाखवले. पण माणसाने आपला अनुभव एकदा शाईने लिहिला की शेजाऱ्याच्या आवेशाने तो बदलत नाही. पहिल्या बैठकीत नेमकी हीच चूक झाली होती. बातम्या आधी आल्या आणि चित्रपटाबद्दलचे मत त्या बातम्यांच्या उजेडात तयार झाले.

पोस्टकार्डे गोळा करून सूत्रधाराने ती मोठ्याने वाचावीत आणि तिथून सरळ चित्रपटात शिरावे. कथेची ओळख दोन मिनिटांत व्हावी. इ.स.पू. ६३ मध्ये रोममध्ये सत्ता हस्तगत करण्यासाठी कॅटिलिनाने रचलेला कट आणि त्याला विरोध करणारा सिसेरो, हा मूळ इतिहास आहे. कोपोला यांनी तो न्यूयॉर्कसारख्या दिसणाऱ्या 'न्यू रोम'मध्ये आणला आहे. अॅडम ड्रायव्हरचा सीझर कॅटिलिना हा मेगालॉन नावाच्या अद्भुत द्रव्यातून आदर्श नगरी उभारू पाहणारा वास्तुकार आहे आणि त्याला काळ थांबवता येतो. जियानकार्लो एस्पोझिटोचा महापौर सिसेरो म्हणतो की लोकांच्या आजच्या गरजा आधी भागवा. नॅथली इमॅन्युएलची ज्युलिया ही या महापौराची मुलगी, आणि ती सीझरच्या प्रेमात पडते.

इथे नागपूरकरांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. वर्धा रोडवर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली रस्ता असा थर ज्यांनी उभा राहताना पाहिला, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिल्यावर ज्यांच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले, त्यांना 'उद्याचे शहर की आजचा नाला' हा वाद पुस्तकातून शिकावा लागत नाही. सूत्रधाराने फक्त विचारावे की चित्रपटात सीझरच्या नगरीत राहायला कोण जाणार आहे, आणि ज्यांची घरे पाडली जातात ते पुढे कुठे दिसतात का. आमच्याकडे या एका प्रश्नावर पंचवीस मिनिटे गेली आणि ती त्या संध्याकाळची सर्वात चांगली पंचवीस मिनिटे होती. चित्रपटाची खरी दुबळी जागा तिथेच आहे असे माझे मत झाले: वास्तुकाराचे स्वप्न दाखवायला पडदा अपुरा पडतो, पण त्या स्वप्नाखाली राहणारी माणसे जमावाच्या पलीकडे फारशी जात नाहीत.

त्याच वेळी सौंदर्याच्या बाजूनेही बोलणारा कोणीतरी हवा, नाहीतर चर्चा एकांगी होते. क्रायस्लर इमारतीच्या माथ्यावर, कडेच्या पलीकडे पाऊल टाकणारा सीझर काळ थांबवतो, ते सुरुवातीचे दृश्य घ्या. पडद्याचे तीन भाग करून एकाच वेळी तीन चित्रे चालवण्याची जागा घ्या. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात आणि नंतर निवडक चित्रपटगृहांत पत्रकार परिषदेच्या दृश्याच्या वेळी एक खराखुरा माणूस पडद्यासमोर उभा राहून माइकवर प्रश्न विचारत असे आणि पडद्यावरचा सीझर त्याला उत्तर देत असे. घरी पाहणाऱ्याला तो अनुभव मिळत नाही, म्हणून तो सूत्रधाराने सांगावा. आमच्यातला एक हौशी नाट्यकर्मी म्हणाला की हे तर आपल्या तमाशातल्या बतावणीसारखेच झाले, आणि ते मला पटले. समोरच्या माणसाला खेळात ओढण्याची ही जुनी खोड आहे, फक्त इथे तिला बारा कोटी डॉलरांचा पडदा मिळाला.

पैशाचा विषय इथेच घ्यावा, आरोपांच्या आधी. त्यासाठी कालक्रमाचा एक कागद तयार ठेवावा आणि त्यावर पक्क्या गोष्टीच असाव्यात. कोपोला यांचा जन्म १९३९ चा. या चित्रपटाची कल्पना त्यांच्या मनात १९८० च्या दशकापासून होती. २००१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये नटांकडून संहितेची वाचने करून घेतली आणि शहराची काही दृश्येही टिपली, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, महानगरावर कोसळणाऱ्या संकटाची कथा घेऊन पुढे जाणे त्यांना अवघड झाले. पुढे त्यांनी आपल्या द्राक्षमळ्यांच्या व्यवसायातला हिस्सा विकून सुमारे १२ कोटी डॉलर स्वतःच घातले. चित्रीकरण २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या वसंतापर्यंत अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात झाले. मे २०२४ मध्ये चित्रपट कानला स्पर्धा विभागात दाखवला गेला, २७ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जगभर मिळून जेमतेम १.४ कोटी डॉलर परत आले. त्याआधी एप्रिलमध्ये पत्नी एलिनोर यांचे निधन झाले होते. चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

या कागदावर जुन्या दोन नोंदी जरूर घालाव्यात, कारण त्याशिवाय हा हट्ट समजत नाही. त्यांच्याच 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या चित्रीकरणाच्या वेळी फिलिपिन्समध्ये वादळाने सेट उद्ध्वस्त केले, नायक मार्टिन शीन यांना हृदयविकाराचा झटका आला, दिग्दर्शकाने स्वतःची मालमत्ता पणाला लावली, आणि १९७९ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार 'द टिन ड्रम'सोबत विभागून मिळाला. तोच जुगार १९८२ च्या 'वन फ्रॉम द हार्ट'मध्ये पूर्ण उलटला, सुमारे २.६ कोटी डॉलर खर्चून दहा लाखांचीही मिळकत झाली नाही आणि पुढची कित्येक वर्षे कर्ज फेडण्यासाठी चित्रपट करण्यात गेली. ज्याला एकदा तरीही यश मिळाले तो पुन्हा पत्ते टाकणारच, आणि ज्याला दोन्ही चटके बसले तो तर नक्कीच टाकणार.

बैठकीतल्या वयस्कर मंडळींना इथे 'मेरा नाम जोकर' आठवेल, आणि आठवू द्यावे. १९७० मध्ये दोन मध्यंतरांसह आलेला, चार तासांच्या घरातला तो चित्रपट राज कपूर यांना आर्थिकदृष्ट्या घेऊन बसला आणि १९७३ च्या 'बॉबी'ने त्यांना सावरले. मात्र या तुलनेत एक फसवा जिना आहे. जोकरला पुढे मान मिळाला, म्हणून मेगालोपोलिसलाही मिळेलच, असे कोणी म्हणू लागला तर सूत्रधाराने थांबवावे. पडलेल्या पण पुढे उचलल्या गेलेल्या चित्रपटांची नावे सगळ्यांना पाठ असतात. पडले आणि पडूनच राहिले त्यांची यादी कोणी ठेवत नाही.

'त्याचा पैसा, त्याचा पिक्चर, मंग आपल्याले का करा लागते?' असा प्रश्न आमच्याकडे महाल भागातल्या एका व्यापारी सभासदांनी विचारला. प्रश्न रास्त आहे आणि आर्थिक बाजूपुरते त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आहे. पण पैसा स्वतःचा असला म्हणजे सेटवर कोणी वरचढ उरत नाही. दुसऱ्या निर्मात्याच्या चित्रपटात जो 'आता पुरे' म्हणू शकतो, तो माणूसच इथे नसतो. हा धागा पकडून सूत्रधाराने चहा जाहीर करावा आणि चहानंतर तिसऱ्या भागाकडे वळावे. मधल्या दहा मिनिटांत लोकांची तोंडे चिवड्यात असलेली बरी.

तिसरा भाग सुरू करण्यापूर्वी फळ्यावर तीन रकाने आखावेत: कोणी म्हटले, कोणी नाकारले, कुठपर्यंत पोचले. चौथा रकाना, म्हणजे 'खरे काय', आखू नये, कारण तो भरण्याचा अधिकार हॉलमधल्या कोणालाच नाही. मग एकेक नोंद घ्यावी. मे २०२४ मध्ये 'द गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राने नाव न सांगणाऱ्या काही तंत्रज्ञांच्या हवाल्याने लिहिले की चित्रीकरणादरम्यान, विशेषतः एका नाइटक्लबच्या दृश्यात, दिग्दर्शकाचे काही महिला कलाकारांशी वागणे शारीरिक जवळिकीची मर्यादा ओलांडणारे होते. निर्मितीच्या बाजूने सांगण्यात आले की दृश्याचे वातावरण तयार करण्यासाठी गालावर चुंबन दिले गेले आणि कोणाची तक्रार आलेली नव्हती. जुलैमध्ये 'व्हरायटी' या अमेरिकी मनोरंजन-व्यवसायाच्या नियतकालिकाने त्या दिवसाच्या चित्रफिती प्रसिद्ध केल्या. त्यानंतर त्या दृश्यातल्या एका ज्युनिअर आर्टिस्टने आपल्याला काहीही गैर वाटले नाही असे सांगितले, तर दुसरीने उलट सांगून दावा दाखल केला. कोपोला यांनी आरोप नाकारले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'व्हरायटी'विरुद्ध किमान १.५ कोटी डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला.

हे फळ्यावर लिहिताना क्रियापदे तपासावीत. 'केले' आणि 'केल्याचा आरोप आहे' या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि बैठकीच्या सूचनेत, फलकावर किंवा व्हॉट्सअॅप गटावर पहिला प्रयोग करणाऱ्या मंडळाला आपल्या कायद्यातही बदनामीची तरतूद आहे हे लक्षात ठेवावे लागते. त्याचप्रमाणे तक्रार करणाऱ्या महिलांची नावे, चित्रे वा फिती गटावर फिरवू नयेत. नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या आपल्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदाराची ओळख उघड करण्यास मनाई आहे. तो कायदा अमेरिकेतल्या या घटनांना लागू नसला तरी त्यामागची समज चांगली आहे. आमच्या मंडळात एका खासगी कंपनीत अशा तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीवर काम केलेल्या ताई आहेत. त्यांना मुद्दाम दहा मिनिटे दिली. 'तक्रार आली नाही' आणि 'अडचण नव्हती' ही दोन वाक्ये एक का नाहीत, आणि दिवसाच्या मजुरीवर आलेली मुलगी जगप्रसिद्ध दिग्दर्शकाविरुद्ध त्याच दिवशी तक्रार करेल ही अपेक्षा कितपत धरायची, हे त्यांनी कुठलाही निकाल न देता समजावले. असे कोणी तुमच्या मंडळात असेल तर त्यांना आधीच विचारून ठेवावे. नसेल तर हा भाग छोटा ठेवावा.

इतर वाद त्या मानाने हलके आहेत आणि लवकर उरकावेत. जानेवारी २०२३ मध्ये दृश्यपरिणाम आणि कला विभागातली माणसे सोडून गेल्याच्या बातम्या आल्या. सेटवर गोंधळ नव्हता असे दिग्दर्शक आणि ड्रायव्हर दोघांनी म्हटले. कोपोला यांनी वादात सापडलेल्या नटांना मुद्दाम घेतल्याचे स्वतःच सांगितले आहे, तेव्हा शाया लबफ, जॉन व्हॉइट यांच्या निवडीवर ज्याला बोलायचे त्याने बोलावे. आणि २०२५ मध्ये वर्षातल्या वाईट चित्रपटांना थट्टेने दिल्या जाणाऱ्या 'गोल्डन रास्पबेरी' पुरस्काराने त्यांना सर्वात वाईट दिग्दर्शक ठरवले, तेव्हा त्यांनी तो 'सन्मान' जाहीरपणे स्वीकारला, ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी आहे.

एका वादाला मात्र सविस्तर वेळ द्यावा, कारण त्यातून मंडळाला रोजच्या कामाचे काही मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये वितरक लायन्सगेटने जो ट्रेलर काढला, त्यात कोपोला यांच्या जुन्या चित्रपटांवर नामवंत समीक्षकांनी केलेली टीका उद्धृत केली होती: तेव्हाही हे लोक चुकले, आताही चुकतील, असा त्याचा डौल होता. गडबड अशी की ती अवतरणे बनावट निघाली. पॉलीन केल यांच्या तोंडी 'द गॉडफादर'ची निंदा घातली होती, वास्तविक त्यांनी त्याची स्तुती केली होती. आणि रॉजर एबर्ट यांचे 'ड्रॅक्युला'वरचे म्हणून दिलेले वाक्य त्यांच्या 'बॅटमॅन'वरच्या परीक्षणातले होते. वितरकाने ट्रेलर मागे घेतला आणि माफी मागितली.

हे सांगताना मला माझाच कान पकडावा लागला. आमच्या पहिल्या बैठकीच्या सूचनेत एका थोर दिग्दर्शकाच्या नावावरचे सुंदर वाक्य मीच छापले होते, आणि ते कुठून आले असे विचारल्यावर माझ्याकडे गटावर आलेल्या एका चित्राशिवाय काही नव्हते. शोधले, मिळाले नाही. पुढच्या सूचनेत तसे लिहून ते मागे घेतले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की कोणाचेही वाक्य फलकावर घालण्यापूर्वी ते ज्या लेखात, मुलाखतीत किंवा पुस्तकात आहे ते एका सभासदाने डोळ्यांनी पाहिलेले असावे, आणि त्याने आपले नाव सूचनेच्या कच्च्या प्रतीवर लिहावे. नाव लिहायची वेळ आली की निम्मी अवतरणे आपोआप गळतात.

शेवटच्या पंधरा मिनिटांत मतदान घेऊ नये. 'कलावंत वेगळा की कलाकृती वेगळी' हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. त्याला हॉलमध्ये उत्तर मिळत नाही आणि चौकीदाराला साडेनऊला कुलूप लावायचे असते. त्याऐवजी सुरुवातीची पोस्टकार्डे टेबलावर पसरून ठेवावीत, ज्याने त्याने आपापले अक्षर ओळखून उचलावे आणि वाटल्यास एखादी ओळ खोडून नवी लिहावी. आमच्याकडे तेवीस पोस्टकार्डांपैकी सहा बदलली. त्यातली दोन चित्रपटाच्या बाजूने गेली, तीन विरुद्ध गेली आणि एकावर, अक्षरावरून बहुधा त्या प्राध्यापकांच्याच, 'पुन्हा पाहाल का' या प्रश्नापुढचा 'नाही' खोडून 'झोप झालेली असेल तर' असे लिहिले होते.